जॉयस्टिकच्या पोर्टातला पारा

नव्वदच्या दशकात नगरजवळच्या भिंगारमध्ये ज्याच्या घरी कॉम्प्युटर असे, त्याच्या घरी पोरांची गर्दी गेम खेळायला व्हायची. आमच्या कॉम्प्युटरला मात्र जॉयस्टिकच्या जागी एक तार लावलेली होती. ती खिडकीतून बाहेर जाऊन लिंबाच्या सावलीत संपायची. तिच्या टोकाला थर्मिस्टर. आलेली पोरं दोन मिनिटं पडद्यावर हलणारे आकडे बघत आणि कंटाळून निघून जात.

युक्ती साधी होती. जॉयस्टिक म्हणजे आतून बदलता रेझिस्टन्स. त्यातून एक छोटा कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, हे कॉम्प्युटर मोजतो आणि त्यावरून दांडी कुठे झुकली ते ठरवतो. एक लाख ओहमला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडा जास्त वेळ लागतो. थर्मिस्टर तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. दांडीच्या जागी तोच जोडला, तर ऊन वाढलं की कॉम्प्युटरला वाटतं, कुणीतरी दांडी रेटतंय! १९९१ साली एमएस-डॉस ५ बरोबर आलेल्या क्यूबेसिकमध्ये ‘स्टिक’ नावाचं फंक्शन होतं, ते हा आकडा थेट हातात देई. महागडं कार्ड नको, वेगळी आयसी नको. देशोदेशीचे हौशी लोक हेच करत होते.

सामान मात्र सहज मिळत नसे. नगरच्या दुकानांत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीला लागतं तेवढं असायचं. बाकीच्यासाठी माळीवाड्याहून एसटी पकडायची, पुण्याला उतरायचं आणि बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठायची. दुकानदार आधी विचारी, ‘किती डझन?’ आपल्याला हवे असत दोन. घरी आल्यावर राळ, कथील, व्हेरोबोर्ड काढून बसायचं. डाग नीट बसला नाही की आकडा नाचायचा, आणि मग वारा आला की सांधा हलला यावर घरात वाद रंगायचा.

खरं काम त्यापुढे सुरू होई. ‘स्टिक’ने दिलेल्या आकड्याचं सेल्सिअस करायचं कसं? त्यासाठी काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर लागे, आणि तो तरी बरोबर आहे का हे आधी तपासावं लागे. बर्फाच्या चुऱ्यात धरला की शून्य. उकळत्या पाण्याच्या वाफेत धरला की पुस्तकाप्रमाणे शंभर. पण भिंगारमध्ये शंभर येतच नाही. नगरची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. हे कळल्यावर थर्मामीटरवरचा संशय फिटला. मग तांब्यात गरम पाणी घेऊन थर्मामीटर आणि थर्मिस्टर शेजारी शेजारी बुडवायचे, पाणी निवत जाईल तशी दोघांची जोडी वहीत लिहायची आणि आलेखाच्या कागदावर वाकडी रेघ काढायची. थर्मिस्टरची रेघ सरळ कधीच येत नाही.

जमिनीतली ओल मोजायचा प्रकार तर आणखी गावठी होता. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वडीत सायकलच्या दोन तारा रोवायच्या आणि ती वडी वाफ्यात पुरायची. ओल वाढली की वडीचा रेझिस्टन्स उतरतो. फक्त तिच्यातून सतत एकाच दिशेने वीज सोडली की तारा खाल्ल्या जातात, म्हणून मोजण्यापुरतीच वीज द्यायची. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त दुबोटी सेन्सरचंही हेच दुखणं आहे. पिढी बदलली तरी गंज तोच.

आणि वीज? उन्हाळ्यात पारा चढत असताना नेमकी लाइट जाई. मेच्या दुपारचा आलेख आमच्या फ्लॉपीवर कधी सलग उतरलाच नाही.

आता शेजारच्या अकरावीतल्या मुलाने गच्चीवर हवामान केंद्र उभारलंय. नखाएवढ्या बीएमई २८० मध्ये तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजला जातो. सोबत वायफायवाला ईएसपी ३२ आणि एक पॉवर बँक. सामान कुरिअरने दारात येतं, डाग देण्याचीही फारशी गरज पडत नाही, आलेख मोबाइलवर. लाइट गेली तरी नोंद चालू. याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

परवा तो धावत आला. ‘काका, सेन्सर खराब निघाला. दाब नऊशे अडतीस दाखवतोय. बातम्यांत तर हजाराच्या पुढे सांगतात.’ त्याला म्हटलं, सेन्सर ठणठणीत आहे. बातम्यांतला आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. मग गॅसवर पाणी ठेवलं आणि अठ्ठ्याण्णवची गोष्ट दाखवली. चूक त्याची नव्हती. सेन्सर कारखान्यातूनच जुळवून येत असेल, तर बर्फ-पाण्याची उठाठेव करायची वेळ कुणावर यावी? पण तीच वेळ गेल्यामुळे आकड्याला प्रश्न विचारण्याची सवयही गेली. डीएचटी ११ हा सगळ्यांचा लाडका स्वस्त सेन्सर, त्याचा तापमानाचा आकडा दोन अंशांनी इकडे-तिकडे असू शकतो. बीएमई म्हणून बीएमपी २८० गळ्यात मारणारेही आहेत. त्यात आर्द्रता मोजलीच जात नाही. आणि सेन्सर कितीही उंची असो, तापल्या पत्र्याला चिकटवला तर तो पत्र्याचंच तापमान सांगणार.

हा नुसता हौसेचा मामला राहिलेला नाही. ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, आणि फळपीक विम्याचे पैसे अशा केंद्रांच्या नोंदींवर ठरतात. आपल्या जिल्ह्यात वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. तोही एका शिवारात कोसळतो आणि शेजारचं कोरडं ठेवतो. तिकडे हिवरे बाजारने पर्जन्यमापकं आणि विहिरींची पातळी एवढ्या साध्या साधनांवर पाण्याचा ताळेबंद मांडला, आणि कोणती पिकं घ्यायची ते गावाने त्यावरून ठरवलं. तिथे मोजलेल्या आकड्यापुढे गाव बसतं. आमचे आलेख मोबाइलमध्ये पडून राहतात.

म्हणून घरी केंद्र उभारणाऱ्यांना सांगणं आहे. सेन्सर पांढऱ्या, हवा खेळत्या पेटीत ठेवा. कुंडीखालच्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक रचूनही चालतात. पावसासाठी झुलत्या जोडवाटीचं मापक बनवा. चुंबक आणि रीड स्विच आजही तेच लागतात. नरसाळ्याचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटर असेल तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे वीस मिलिलिटर पाणी. इंजेक्शनच्या सिरिंजने सावकाश तेवढं ओता आणि वाटी किती वेळा झुलते ते मोजा. रोज सकाळी साडेआठला आकडा लिहा, कारण सरकारी पर्जन्यमापकाची वेळही तीच. मग मंडळाच्या नोंदीशी ताडून बघा. विमा कंपनी तुमचा आकडा मानणार नाही, पण ग्रामसभेत मांडायला तो कामी येईल. यंदा मृग लागायच्या आत हे करून टाका.