अ‍ॅडमिनचा फोन

दरवर्षी २४ फेब्रुवारी जवळ आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरी-गडहिंग्लज भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक पोस्ट फिरायला लागते. १६७४ साली याच तारखेला, महाशिवरात्रीच्या दिवशी, सरनोबत प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तिथेच धारातीर्थी पडले. पोस्टमध्ये त्यांच्याबरोबरच्या सहा वीरांची नावे ओळीने दिलेली असतात. सभासदाच्या बखरीत प्रतापराव पडल्याची हकिगत आहे. ही सहा नावे तिथे नाहीत. मग ग्रुपवरचा एखादा वाचणारा माणूस विचारतो, "या नावांना आधार कुठला?" प्रश्न सरळ असतो. उत्तर मात्र "तुला आमच्या इतिहासावर शंका हाय काय?" असे येते. त्यावर दुसरे, तिसरे, आणि थोड्याच वेळात कुणीतरी लिहितो, "अ‍ॅडमिन, जरा लक्ष द्या."

आता अ‍ॅडमिन काय करील?

या माणसाला पगार नसतो, नेमणुकीचा कागद नसतो, बहुतेक वेळा कुणी निवडूनही दिलेले नसते. ग्रुप त्याने काढला, म्हणून तो अ‍ॅडमिन. गावाकडे हा बहुधा निवृत्त गुरुजी असतो, पलटणीतून परतलेला सुभेदार असतो, मोबाइलचे दुकान चालवणारा तरुण, तालुक्याच्या पेपरचा वार्ताहर किंवा तरुण मंडळाचा अध्यक्ष असतो. नेसरी हे आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचे बाजाराचे गाव, त्यामुळे ग्रुपवर एका गावाची नाही तर पंचक्रोशीची माणसे असतात. शिवाय मुंबई-पुण्याला गेलेली आणि सैन्यात असलेली. गिरण्यांच्या काळात गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडच्या गावांच्या गावकीच्या खोल्या गिरणगावात होत्या. कोण कधी झोपणार, भाडे कुणी किती द्यायचे, दारू पिऊन आलेल्याचे काय करायचे, हे बघणारा एक कारभारी तिथे असायचा. आजचा अ‍ॅडमिन त्याच्याच वंशातला आहे, असे मला वाटते. फरक एवढाच, की खोलीत वीस-पंचवीस माणसे असत. व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची मर्यादा २५६ वरून २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४ वर नेली.

या ग्रुपवर दिवसभर काय येते ते पाहिले की कामाचा अंदाज येतो. लाईट कधी येणार. कोण वारले, माती किती वाजता. म्हैस विकणे आहे. ऊसतोडीची टोळी कुणाच्या रानात आली. पावसाळ्यात घटप्रभेवरचा तारेवाडीचा किंवा कानडेवाडीचा बंधारा पाण्याखाली गेला का. आणि याच्या मधेमधे फुलांचे सुप्रभात, नेत्यांचे वाढदिवस, लिंका. कुणाच्या तरी वडिलांच्या निधनाच्या बातमीखाली दुसऱ्याच क्षणी केकचे चित्र येऊन पडते तेव्हा वाईट सगळ्यांनाच वाटते, पण हलायचे अ‍ॅडमिनने असते.

तो बहुतेकदा ग्रुपवर काही लिहीत नाही. तो फोन लावतो. "अण्णा, तेवढी पोस्ट काढा की. त्येंच्या घरात मयत झालीया." अण्णा पोस्ट काढतात. प्रतापरावांच्या पोस्टवरून भांडण लागले तरी तो तसाच दोन्हीकडे फोन करतो, एकाला "सर, तुमचं बरोबर हाय, पण आज नको," म्हणतो आणि दुसऱ्याला "मर्दा, सरांना असं बोलायचं असतंय व्हय?" २०२२ पासून अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी काढून टाकता येतो, पण तसे केले की त्या जागी अ‍ॅडमिनच्या नावासकट तशी नोंद उमटते. गावात ती नोंद जड जाते. ज्याचा मेसेज काढला तो उद्या एसटी स्टँडवर भेटणार, त्याची बांधाला बांध लागून जमीन असणार, परवा त्याच्या घरी लग्न असणार.

मॉडरेटरांच्या, म्हणजे ऑनलाइन समूह सांभाळणाऱ्यांच्या, वागण्यावरचे जगातले बरेचसे संशोधन रेडिटसारख्या चर्चेच्या संकेतस्थळांवरचे आहे. तिथे मॉडरेटर आणि सदस्य एकमेकांना टोपणनावाने ओळखतात, चेहरा पाहिलेला नसतो. तिथला राग पडद्यावर सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. नेसरीच्या ग्रुपवरचा राग ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंत टिकू शकतो. म्हणून गावाच्या अ‍ॅडमिनची फोनची पद्धत भित्रेपणाची मानू नये. माणूस तोडायचा नाही आणि पोस्टही राहू द्यायची नाही, ही दोन्ही कामे ती एका वेळी करते. चारचौघांत अपमान न झालेला माणूस ऐकतो, हे आपल्याकडच्या जुन्या पंचमंडळींना चांगले ठाऊक होते.

पण या पद्धतीत एक मोठा दोष आहे, आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. फोन सगळ्यांना जात नाही. भावकीतल्या वडीलधाऱ्याला जातो, सोसायटीच्या चेअरमनला जातो, मुंबईहून देणगी पाठवणाऱ्याला जातो. वस्तीवरच्या पोराने तेवढेच तिखट लिहिले तर त्याला थेट काढून टाकले जाते, कारणही न सांगता. बाईने काही लिहिले आणि तिला कुणी अचकट उत्तर दिले, तर पुष्कळदा तिलाच समजावणीचा फोन जातो: "ताई, तुम्ही नका लक्ष देऊ." ताई त्यानंतर काही लिहीत नाहीत. गावाच्या मोठ्या ग्रुपांवर बायकांचे मेसेज इतके कमी का, याचे एक उत्तर या फोनात आहे.

उच्च न्यायालयासमोर आलेले गोंदिया जिल्ह्यातले प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. २०१६ मध्ये एका ग्रुपवर एका सदस्याने एका महिलेविषयी अश्लील भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, उलट आपली असहायता सांगितली, अशी तिची तक्रार होती. अ‍ॅडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. सदस्य काय लिहिणार हे अ‍ॅडमिनला आधी कळत नाही, सदस्य घेणे आणि काढणे एवढाच त्याचा अधिकार, आणि दोघांचा समान हेतू असल्याचे दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असा निकालाचा आशय आहे. निकाल योग्यच आहे. कायद्याने तुरुंगाची भीती काढली. पण त्या महिलेचा प्रश्न कायद्याच्या अलीकडचा होता. काढण्याचा अधिकार हातात असताना अ‍ॅडमिनने तो का वापरला नाही, हे तिने विचारले होते, आणि ते विचारण्याचा हक्क ग्रुपमधल्या प्रत्येकाला आहे.

भीती मात्र गेलेली नाही. सण, निवडणूक, मोठा निकाल जवळ आला की पोलीस ठाण्यातून अ‍ॅडमिनांना नोटिसा येतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये अयोध्येच्या निकालावेळी राज्यभर अ‍ॅडमिनांनी ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन'वर टाकून कुलूपबंद केले. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये दिली होती. कुलूप लावणे हा सोपा उपाय आहे आणि काही तासांसाठी तो आवश्यकही असतो. पण आपत्तीच्या वेळी ग्रुप बंद केला तर माहिती देणाऱ्याचेही तोंड बंद होते. ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहरात समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून बंद आणि दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. स्टेटसवर कुठल्याही अ‍ॅडमिनचा हात चालत नाही. ग्रुपला कुलूप लावून अशी आग थांबवता येते, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

अ‍ॅडमिन सावध असेल तर काय वाचू शकते, याचे सर्वांत दुःखद प्रमाण धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचे आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. ही माणसे सोलापूरकडून भिक्षा मागत आली होती. मुले पळवणाऱ्यांचे मेसेज त्याआधी मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राने वेग कमी केला. पण "ही टोळी कुठं दिसली, कुणी पाहिली, कधी?" असे ग्रुपवर विचारणारा माणूस यंत्र देऊ शकत नाही. तो गावातलाच असावा लागतो, आणि विचारले म्हणून त्याला कुणी वेडावणार नाही एवढी हमी अ‍ॅडमिनने द्यावी लागते.

कोल्हापूरकरांनी ही हमी पुरात पाहिली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी हा जिल्ह्याचा श्वास झाला होता. तिथे ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. पुरात खरा मेसेजसुद्धा दोन तासांत खोटा होतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची सकाळची बातमी रात्री कुणीतरी पुन्हा ढकलतो आणि नदीकाठची माणसे अंधारात जनावरे सोडायला धावतात. अशा वेळी "तारीख, वेळ आणि ठिकाण नसलेला मेसेज टाकू नका, दिसला की काढणार" एवढा एक नियम आधी सांगून तो सगळ्यांना सारखा लावणारा अ‍ॅडमिन गावाला वरदान असतो. तेव्हा भावकी बघून फोन करायला वेळही नसतो.

नियम आधी सांगण्याचा परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेतले संशोधक नेथन मटायस यांनी रेडिटवरच्या विज्ञानविषयक समूहात प्रयोग केला. काही चर्चांच्या माथ्यावर समूहाचे नियम ठळक लावले, काहींवर नाही. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. नियम दिसत होते तिथे नवख्या सदस्यांचे नियम पाळण्याचे प्रमाण ८ टक्के-अंकांहून जास्त वाढले, आणि नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम लावले तर माणसे बिचकून गप्प होतील, अशी भीती असते. घडले उलटे. काय चालेल आणि काय नाही हे कळल्यावर माणसे बोलायला लागली. गावच्या ग्रुपवर गप्प राहिलेल्या बायकांना आणि वस्तीवरच्या पोरांना हे लागू होईल असे मला मनापासून वाटते.

मराठीत याचा एक चांगला नमुना आपल्या हाताशी आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. तिथली देखरेख करणारे प्रचालकही बिनपगारी. पण प्रचालक होण्यासाठी सदस्यांचा कौल घ्यावा लागतो. पान वगळले, कुणाला प्रतिबंध केला, तर कुणी, कधी, कोणत्या कारणाने, याची नोंद राहते आणि ती कुणालाही वाचता येते. पटले नाही तर चावडी नावाच्या चर्चेच्या पानावर जाऊन विचारता येते. तिथेही भांडणे होतात, प्रचालकांवर पक्षपाताचे आरोप होतात, लोक रुसून जातात. पण भांडायला पुरावा असतो. नेसरीच्या सहा नावांचा वाद तिथे झाला तर "संदर्भ हवा" एवढा साचा वाक्यापुढे लागतो आणि ओझे दावा करणाऱ्यावर जाते. विचारणाऱ्याला कुणी देशद्रोही ठरवून मोकळे होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी नोंदवही नाही, म्हणून ती अ‍ॅडमिनने स्वतः ठेवायला हवी. काढले तर ग्रुपवर एक ओळ: अमुक पोस्ट या नियमाने काढली. फोन जरूर करावा, पण ओळही लिहावी, आणि ती चेअरमनसाहेबांच्या पोस्टलाही लिहावी. कालव्याच्या पाटकऱ्याची पाळी जशी सगळ्यांना ठाऊक असते आणि म्हणूनच तो टिकतो, तसे हे आहे.

अ‍ॅडमिनकडून इतके मागताना त्याच्या श्रमांची किंमतही पाहायला हवी. रेडिटच्या मॉडरेटरांचे काम २०२२ च्या एका अभ्यासाने मोजले, तर ते सगळे मिळून रोज किमान ४६६ तास भरले, वर्षाला किमान ३४ लाख डॉलरचे. अमेरिका ऑनलाइन या कंपनीवर तिच्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये मजुरीसाठी दावा लावला. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तो मिटला. गावच्या अ‍ॅडमिनचा दावा कुणी लावणार नाही. त्याला रात्री अकराला फोन येतात, दोन्ही बाजू त्यालाच पक्षपाती म्हणतात, आणि एक दिवस तो वैतागून ग्रुप सोडतो.

इथे एक धोका आहे, आणि तो लहान नाही. एकटा अ‍ॅडमिन ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कुणालातरी आपोआप अ‍ॅडमिन करते. मध्य प्रदेशात राजगढ जिल्ह्यातला एक विद्यार्थी २०१८ मध्ये पाच महिने तुरुंगात होता. आक्षेपार्ह पोस्ट दुसऱ्याची होती, आधीचे अ‍ॅडमिन निघून गेल्याने हा अ‍ॅडमिन ठरला होता, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे होते. म्हणून ग्रुपला निदान तीन अ‍ॅडमिन असावेत. त्यात एक बाई हवी, आणि ती शोधायला लांब जावे लागत नाही. बचत गटांचे आणि आशाताईंचे ग्रुप चालवणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत, आणि "कामाचंच टाका" हे त्यांना दोनदा सांगावे लागत नाही. एक जण वस्तीवरचा हवा. नियम ग्रुपच्या माहितीत मराठीत लिहिलेले हवेत. आणि थकलेल्या अ‍ॅडमिनने सोडायचे ठरवले, तर आधी ग्रुपवर विचारून दुसऱ्याला अ‍ॅडमिन करावे, त्याने हो म्हटल्याची वाट पाहावी आणि मगच बाहेर पडावे.