परक्या अनुभवाचा अधिकार आणि जॉन प्राइन

जॉन प्राइन (१९४६–२०२०) या अमेरिकन गायक-गीतकाराची गाणी प्रथम ऐकताना त्यांच्या साधेपणाविषयी शंका येते. मोजक्या कॉर्ड, ओळखीची वाटणारी चाल, बोलण्याच्या जवळ जाणारा आवाज; यात कला कोठे आहे? उत्तरासाठी त्याच्या मुळांकडे जावे लागते.

प्राइन वाढला शिकागोजवळच्या मेवूड उपनगरात. पण त्याचे आईवडील केंटकी राज्यातील म्यूलेनबर्ग या कोळसाखाणींच्या परगण्यातले. मर्ल ट्रॅव्हिस हा गिटारवादकही तिथलाच. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर आळीपाळीने ठेका धरायचा आणि बोटांनी वरची चाल वाजवायची, ही पद्धत आज ट्रॅव्हिसच्या नावाने ओळखली जाते. प्राइनची गिटार याच वळणाची. वडिलांना हँक विल्यम्सची गाणी प्रिय, थोरल्या भावाने गिटार शिकवली, आणि पुढे ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिकमध्ये लोकसंगीताचे धडे मिळाले. घरातले कंट्री आणि शहरातले लोकसंगीत असे एकत्र आले.

सैन्यातून परतल्यावर तो मेवूडमध्येच टपाल वाटत असे आणि फिरता फिरता मनात गाणी रचत असे. १९७१ च्या पहिल्याच संग्रहात व्यसनात बुडालेला माजी सैनिक आहे, एकाकी वृद्ध जोडपे आहे, आणि ‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी’ मध्ये संसारात थिजलेली स्त्री प्रथमपुरुषी बोलते. कवीचे वय तेव्हा चोविशीच्या आसपास!

स्वानुभव नसताना लिहिण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आपल्या वर्गांतही नेहमी निघतो. माझ्यापुरता तो केवळ सैद्धांतिक नाही. एका स्वयंपाकघरात साठ वर्षे काढलेल्या माझ्या आत्याची कथा मी अनेकदा लिहायला घेतली. दर वेळी तिच्या तोंडी माझीच वाक्ये येतात, शहाणी आणि नेटकी, आणि कागद बाजूला पडतो.

प्राइनची स्त्री स्वतःविषयी असे शहाणे बोलत नाही. ती नवऱ्याचे अबोलपण आणि स्वयंपाकघरातल्या माश्या एवढेच सांगते. निष्कर्ष कवी काढत नाही, आपण काढतो. १९७४ मध्ये बॉनी रेट या गायिकेने हे गीत गायिले आणि ते तिचेच होऊन बसले. एका स्त्रीने ते आपले म्हणून स्वीकारले, यापेक्षा निराळा दाखला कोणता हवा?

लहानपणी प्राइन मित्राबरोबर एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रे टाकायला जाई. तेथील काही वृद्ध त्याला भेटीला आलेला नातू समजल्यासारखे वागवत, हे त्याने पुढे सांगितले आहे. ‘हॅलो इन देअर’ मागे ही आठवण आहे. मला वाटते, त्याचा अधिकार या दारांतून आला. तो आधी तेथे उभा राहिला, ऐकत राहिला, मग लिहिले. आणि चाल इतकी साधी ठेवली की लक्ष गाणाऱ्याकडे न जाता बोलणाऱ्या माणसाकडे जावे. आत्याची कथा पुन्हा हाती घेताना मी प्रथम माझी सगळी उत्तम वाक्ये खोडणार आहे.