मुंबईला जाताय? आधी बेट ओळखून घ्या

मुंबईला जाण्याचे प्रसंग गावाकडच्या घरांना आता नवे राहिलेले नाहीत. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, कुणाची लेक दिलेली असते, तर कुणाला दुखणे घेऊन परळच्या के. ई. एम. किंवा टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते. नवखा माणूस गर्दी पाहूनच बावरतो. पण शेत घेताना आपण उतार, पाणी आणि वाट पाहतो ना? तेवढे या शहराचे पाहून ठेवले, तर मुंबई पुष्कळ सोपी होते.

जमीन कशी आहे?

कुलाब्यापासून माहीमपर्यंतची मुंबई म्हणजे पूर्वीची सात बेटे : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधून खाड्या होत्या. भरतीला पाणी आत शिरे, ओहोटीला चिखल उरे. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मीजवळ बांध घालून समुद्राचे मोठे तोंड बंद केले आणि पुढे भराव घालत घालत सात बेटांचे एक बेट केले.

जुनी नावे मात्र राहिली. खाडीचा चिखल तुडवून आल्यावर पाय धुवायची जागा ती पायधुनी. गिरगाव म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे गाव. तिथल्या फणसवाडी, कांदेवाडी, खेतवाडी, मुगभाट या नावांवरून तिथे पूर्वी काय पिकत होते ते सांगावे लागत नाही. चर्नी रोड हे स्टेशनचे नावही गुरांच्या चरणीवरून पडले, असे सांगतात.

परळ-लालबागच्या भागात पुढे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातली आणि घाटावरची माणसे तिथे साच्यावर राबली आणि गावाकडची घरे त्यांच्या मनिऑर्डरींवर चालली. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आज त्या जागांवर उंच इमारती दिसतात. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मात्र अजूनही उन्हाळ्यात बायाबापड्या मिरच्या निवडून वर्षाचा मसाला कुटून नेतात.

हवा आणि पाणी

समुद्रामुळे इथे कडाक्याची थंडी नाही. उन्हाळ्यात पारा सोलापूर-जळगावएवढा चढत नाही, पण हवा दमट असल्याने घाम सुकत नाही आणि माणूस लवकर थकतो. आजारी माणसाबरोबर प्यायचे पाणी ठेवावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने प्रवासाला सर्वांत बरे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत राहतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पडते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७३!

नुसत्या पावसापेक्षा पाऊस आणि भरती एकत्र येणे अधिक वाईट. मोठ्या भरतीत समुद्राचे पाणी गटारांच्या तोंडांपेक्षा वर चढते. मग शहरातले पाणी बाहेर जाणार कुठे? ते सखल जागी साचते. परळ आणि दादरच्या मधला हिंदमाता हा भाग बशीसारखा खोलगट, आणि रुग्णालयांची वाट नेमकी तिथूनच. अलीकडे पाणी साठवायला तिथे जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, तरी मुसळधार पावसात सावध राहावे.

इथे आपले पंचांग कामी येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. त्या दिवशी मुंबईत पूर्ण भरती साधारण दुपारी बारा-एकला आणि तशीच मध्यरात्री येते. पुढे दर तिथीला ती सुमारे पाऊण तासाने लांबते. पावसाळ्यात रुग्णालयाची तारीख उधाणाच्या दिवशी आली, तर आदल्या दिवशीच जाऊन राहावे. कागद आणि फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत. आणि साचलेल्या पाण्यातून चालू नये. २९ ऑगस्ट २०१७ रोजी प्रभादेवी भागात मुंबईतलेच एक नामवंत डॉक्टर पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. मुंबईच्या माणसाला जे दिसले नाही, ते आपल्याला कसे दिसावे?

वाट कोणती धरावी?

हे बेट दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. म्हणून रेल्वेही उभ्याच धावतात : पूर्वेकडून मध्य, पश्चिमेकडून पश्चिम. या दोन्ही जिथे भेटतात ते दादर. ‘दादर आले’ एवढे कळले की अर्धी मुंबई कळली. कोल्हापूरची महालक्ष्मी, मराठवाड्याची देवगिरी, नागपूरची विदर्भ या गाड्या दादरला थांबतात. कोकणची तुतारी तर दादरहूनच सुटते. इथले फलाट डिसेंबर २०२३ पासून १ ते १४ असे सलग मोजतात.

परळला जायचे तर दादरहून मध्य रेल्वेची धिमी लोकल धरून पुढच्याच स्टेशनला उतरावे. लालबागला करी रोड किंवा चिंचपोकळी, गिरगावला पश्चिम रेल्वेचे चर्नी रोड. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही दादर, गिरगाव करीत कफ परेडपर्यंत जाते. एस. टी.ची आगारे परळ आणि मुंबई सेंट्रलला आहेत. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत सामान किंवा आजारी माणूस घेऊन लोकलमध्ये चढू नये. गणेशोत्सवात लालबागचे रस्ते माणसांनी फुलतात. औषधोपचाराची फेरी ते दहा दिवस टाळता आली तर पाहावी.

रात्रीच्या मुक्कामाची चिंता अनेकांना पडते. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना तिचा मोठा आधार आहे. रुग्णालयातल्या समाजसेवकांकडे आधी चौकशी करावी. जागेची, खर्चाच्या मदतीची माहिती तेच देतात. भेटेल त्या दलालाच्या हाती पैसे देऊ नयेत.

निघण्याआधी एका कागदावर स्टेशनचे नाव, पूर्व की पश्चिम, आणि नातेवाइकाचा फोन नंबर लिहून तो घरातल्या प्रत्येकाच्या खिशात ठेवा. पंचांगात तिथी पाहा, आणि मगच गाडीचे तिकीट काढा.