उड्डाणापूर्वीची यादी

यादी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वाण्याचे दुकान उभे राहते. साखर, गूळ, हरभऱ्याची डाळ, काड्यापेटी असा क्रम लिहिलेला कागद आई मुलाच्या हाती देते आणि मुलाला मनातून वाटते, 'एवढेसे सामान! ते का लक्षात राहणार नाही?' यादी बाळगणे हा आपल्या स्मरणशक्तीचा अपमान आहे, अशी समजूत लहानपणापासूनच मनुष्याच्या मनात घर करून बसते. वास्तविक, शेकडो पूजा सांगितलेले गुरुजीही पूजेला बसण्यापूर्वी साहित्यावरून एकवार नजर फिरवितात. मंत्र त्यांना मुखोद्गत असतात. परंतु ऐन वेळी कापूर नाही असे आढळले, तर मुखोद्गत मंत्रांनी आरती कशी उजळणार? ज्ञान आणि यादी यांचे वैर नाही, ही गोष्ट मात्र जगाला फार मोठे मोल देऊन शिकावी लागली.

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन शहराजवळ राइट फील्ड नावाचा विमानतळ होता. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी तेथे बोइंग कंपनीच्या 'मॉडेल २९९' या नव्या विमानाची लष्करापुढे चाचणी होती. विमान भव्य होते. त्याला चार इंजिने होती. ते चालविण्यास बसले होते मेजर प्लॉयर हिल, म्हणजे कसलेले वैमानिक. विमान धावले, जमीन सोडून वर चढू लागले. पण त्याचे नाक उंचावतच गेले आणि क्षणार्धात ते खाली कोसळून पेटले. मेजर हिल आणि कंपनीचे अनुभवी वैमानिक लेस्ली टॉवर या दोघांना प्राणास मुकावे लागले.

चौकशीत यंत्राचा कोणताही बिघाड आढळला नाही. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने त्याच्या शेपटीचे हलते भाग आपटू नयेत, म्हणून ते अडकवून ठेवण्याची एक कळ होती. उड्डाणापूर्वी ती सोडवावयाची राहून गेली होती. एवढीच ती चूक! बोट लावण्याइतके काम, पण ते झाले नाही आणि दोन जीव गेले.

हे विमान मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे तेव्हा काहींना वाटू लागले. वैमानिकांना आणखी शिक्षण द्यावे, असे कोणीही सुचविले असते; परंतु मेजर हिल यांच्याहून अधिक शिकलेला वैमानिक आणावयाचा कोठून? तेव्हा वैमानिकांनी एक साधा उपाय योजिला. उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर करावयाच्या गोष्टी त्यांनी क्रमाने लिहून काढल्या व प्रत्येक वेळी त्या वाचूनच करावयाच्या, असा नियम घातला. हेच विमान पुढे 'बी-१७' या नावाने प्रसिद्धीस आले आणि अशी बारा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. विमान तेच होते. भर पडली होती ती एका कागदाची.

पट्टीचे पोहणारेच बुडतात, असे आपल्याकडे म्हणतात. नवशिका भीतभीत प्रत्येक गोष्ट पाहतो. निष्णात मनुष्याचा हात मात्र सवयीने चालतो आणि सवय ही अशी दासी आहे की, ती न केलेले कामही केल्यासारखे भासविते. दार लावून निघालेल्या मनुष्याला वाटेत शंका येते, 'कुलूप लावले ना?' रोज लावल्यामुळे आजची आठवण कालच्या आठवणीत मिसळून जाते. यादी आजचा दिवस कालपासून वेगळा करते. म्हणूनच ती अजाणापेक्षा जाणत्याला अधिक उपयोगी पडते.

वैमानिकांचा हा धडा पुढे वैद्यकानेही गिरविला. अतुल गावंडे हे अमेरिकेतील नामवंत शल्यचिकित्सक. त्यांचे वडील मूळचे विदर्भातले. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी तयार झाली. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दर हजारी १५ वरून ८ वर आले होते.

आता तर आकाश सर्वांनाच खुले झाले आहे. लग्नाच्या मांडवावर, धरणाच्या भिंतीवर, उसाच्या फडावर ड्रोन गुणगुणताना दिसतात. खेळण्यासारख्या दिसणाऱ्या या यंत्राचीही एक यादी असते. पंख्याच्या पात्यांना चीर नाही ना? ती घट्ट बसली आहेत ना? बॅटरी पुरती भरली आहे ना, ती फुगलेली तर नाही? कॅमेऱ्याचे झाकण काढले का? वारा कसा आहे? वाटेत विजेच्या तारा आहेत का? सरकारी नकाशावर ही जागा हिरव्या रंगात आहे की लाल? हिरव्या भागात सर्वसाधारणपणे चारशे फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर, उडविण्यास पूर्वपरवानगी लागत नाही, असे २०२१ च्या ड्रोन नियमांनी ठरविले आहे. लाल भागात मात्र केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही.

या यादीतील एक प्रश्न विशेष मननीय आहे. उपग्रहांच्या संदेशांवरून ड्रोन आपली जागा ओळखतो आणि ती परतीची जागा म्हणून ध्यानात ठेवतो. चालकाशी संपर्क तुटला, की पुष्कळ ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर चढून आपण होऊन तेथे परततात. समजा, काल मोकळ्या माळावर ती उंची वीस मीटर ठेविली होती आणि आज भोवती तीस मीटर उंचीची झाडे आहेत. उंची बदलावयाची राहिली, तर ड्रोन मुकाट्याने झाडावर जाऊन आदळेल. यंत्र आज्ञाधारक असते, शहाणे नसते. शहाणपण चालकानेच आधी पुरवावे लागते.

मेजर हिल यांच्या विमानात आणि ड्रोनमध्ये आणखी एक मोठा भेद आहे. वैमानिक आपल्या विमानात बसलेला असतो. त्याच्या चुकीचे फळ प्रथम त्यालाच भोगावे लागते. ड्रोनचा चालक जमिनीवर सुरक्षित उभा असतो. त्याची चूक कोसळते ती खालून जाणाऱ्या अनोळखी माणसावर. १२० मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू, हवेचा विरोध न धरल्यास, पाच सेकंदांत जमिनीवर येते. यादी वाचावयास लागतात पाच मिनिटे. ही पाच मिनिटे चालक स्वतःसाठी खर्च करीत नाही. ज्याचे नावही त्याला ठाऊक नाही, अशा माणसासाठी तो ती देत असतो.

महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन मिळावेत, म्हणून केंद्र सरकारने २०२३ साली 'नमो ड्रोन दीदी' ही योजना मंजूर केली. टाकी भरली म्हणजे असा ड्रोन वीस किलोंहून जड होतो आणि आत असते ते कीटकनाशक. एखादी भगिनी बांधावर उभी राहून पाती चाचपते, टाकीचे झाकण दाबून पाहते, शेजारच्या शेतात कोणी निंदत नाही ना, हे निरखते. पाहणाऱ्याला हा वेळ वाया गेलासा वाटतो; पण त्या वेळात ती शेजारणीचा जीव राखीत असते.

यादीचीही खरी कसोटी वेगळीच आहे. नुसते तोंडाने वाचणे सोपे आहे. लग्नघरी वरात दाराशी आली आहे, यजमान घाई करीत आहेत, मुले टाळ्या पिटीत आहेत आणि त्याच क्षणी पात्यावर केसाएवढी चीर दिसते. अशा वेळी 'आज उड्डाण होणार नाही' असे सांगण्यास धैर्य लागते. ते धैर्य कागद देत नाही. चीर दाखविणे एवढेच कागदाचे काम. ती पाहून थांबावयाचे की डोळेझाक करावयाची, हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते. जो थांबतो, त्याची चित्रफीत त्या दिवशी निघत नाही आणि त्याची वाहवाही होत नाही. वरात मात्र सुखरूप घरात जाते.