पन्नास किलोमीटरची मर्यादा



मागच्या आषाढी चौमासीला मी वर्षभरासाठी दिशांची मर्यादा घेतली होती. घरापासून कोणत्याही दिशेला पन्नास किलोमीटर, त्यापुढे पाऊल टाकायचं नाही. दवाखाना आणि घरच्यांची सुखदुःखं एवढीच सूट. आता वर्ष संपत आलंय. बी.कॉम. झालेल्या बाईला वर्षअखेरीस हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून आज तो तुमच्यासमोर मांडते.

आधी खरं कारण सांगते. दुकान बंद केल्यावर आम्ही दोघांनी मारवाडात जायचं ठरवलं होतं. यांच्या पणजोबांचं गाव बघायचं होतं. तिकिटं काढली, बॅगा भरल्या, आणि निघायच्या आठ दिवस आधी यांच्या छातीत दुखलं. बायपास झाली. नंतर डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला सक्त मनाई केली. बॅगा परत माळ्यावर गेल्या आणि हे खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. वर्तमानपत्र हातात असायचं, पण पान उलटल्याचा आवाज येत नसे. चाळीस वर्षं कापड बाजारात दिवसभर बोलणारा माणूस घरात चार वाक्यं बोलेना. फिरून येऊ म्हटलं की एकच उत्तर: "नगरमध्ये आहे काय बघायला?"

कागदावर आता अहिल्यानगर झालं, तरी आमच्या तोंडी नगरच आहे. हे शहर पर्जन्यछायेतलं, कोरडं. उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आणि खरं सांगू? मलाही या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. लग्न होऊन इथे आले त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. घर, स्थानक, भाजी बाजार, आनंदधाम आणि स्टेशन एवढंच माझं नगर. किल्ल्याचा तट येता-जाता रिक्षातून पाहिलेला.

त्याच सुमारास व्याख्यानात महासतीजींनी श्रावकाच्या सहाव्या व्रताबद्दल सांगितलं, म्हणजे दिशा परिमाण. आपण जितकं क्षेत्र मोकळं ठेवतो तितक्या क्षेत्रात आपल्या हातून आरंभ होण्याची शक्यता राहते. म्हणून मर्यादा घालायची, त्यापलीकडे आपोआप शांतता. मी तिथेच हात जोडून पच्चक्खाण घेतलं.

घरी सांगितल्यावर हे चिडले. "मला जाता येत नाही म्हणून तू व्रत घेतलंस. माझ्या आजारपणाला चांगलं नाव दिलंस, एवढंच!"

मी काही बोलले नाही. कारण त्यात निम्मं खरं होतं. रात्री प्रतिक्रमणाला बसल्यावर तेच मनात येत राहिलं. पण दुसऱ्या दिवशी मी जुन्या वहीचं कोरं पान काढलं, मधोमध घर मांडलं आणि भोवती आठ दिशा काढल्या. प्रत्येक दिशेला पन्नास किलोमीटरच्या आत काय काय आहे ते लिहीत गेले. पान भरलं, पाठपोट भरलं. यांनी दुरून बघितलं, पण विचारलं नाही.

आमच्या घरची बाहेर पडायची वेळ अर्ध्या दिवसाचीच असू शकते. नवकारसीनंतर निघायचं आणि जेवायला घरी, नाहीतर दुपारी दोनला निघून सूर्यास्ताच्या आत परत. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचला ताटं वाढलेली हवीत. बाहेरचं खायचं नाही, पाणीही घरचंच, गाळून उकळलेलं. पूर्वी मला ही अडचण वाटायची. आता वाटतं, बायपास झालेल्या माणसाला याहून चांगलं वेळापत्रक डॉक्टरांनीही दिलं नसतं.

चातुर्मासात हिरवळीवर, चिखलात पाय नको, जीवांची विराधना होते. म्हणून पहिले चार महिने फक्त दगडाच्या आणि फरशीच्या जागा निवडल्या. सुरुवात रणगाडा संग्रहालयापासून केली. लष्कराच्या आर्मर्ड कोअरने 1994 मध्ये ते सुरू केलं. मला वाटलं होतं, अहिंसेचं नाव घेणाऱ्या बाईचं तिथे काय काम? पण 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडून मिळवलेला पॅटन रणगाडा समोर आला आणि यांना शाळेतलं ब्लॅकआउट आठवलं. काचांना कागद कसे चिकटवले, आजी अंधारात माळ कशी जपायची, हे मी एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी रणगाड्याकडे बघून मनात नवकार म्हटला आणि ऐकत राहिले.

मग भुईकोट किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून आधी चौकशी करून आणि ओळखपत्र घेऊन जा. 1942 च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'च्या ठरावानंतर नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या इतर नेत्यांना इथे आणून ठेवलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच 1944 मध्ये लिहिलं, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण मला आवडली ती दुसरीच गोष्ट. या किल्ल्यातल्या दगडगोट्यांनी भरलेल्या जमिनीत ते उन्हातान्हात तासन्‌तास खणत आणि फुलांचे वाफे करत. त्यांच्यावर मर्यादा लादलेली होती, मी माझी आपणहून घेतलेली, त्यामुळे तुलना करणार नाही. घरी येताना मात्र यांनी रिक्षा थांबवून झेंडूच्या बिया घेतल्या. काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

कार्तिकी पौर्णिमेनंतर रानवाटा मोकळ्या झाल्या. एका सकाळी फराहबागेत गेलो. निजामशाहीतला हा महाल 1583 मध्ये पूर्ण झाला. तेव्हा तो तलावाच्या मधोमध होता. आता तलाव कोरडा, महालाची पडझड झालेली, पण मधल्या उंच दालनात शिरलं की अंगावर गारवा येतो. निजामशाहीत कापूरवाडीच्या बाजूने खापरी नळांतून शहरात पाणी आणत. एवढ्या कोरड्या मुलखात पाण्यासाठी माणसांनी किती डोकं चालवलं! आपण बादलीभर पाणी वाया न घालवणं हा धर्म मानतो. इथे उभं राहिल्यावर तो नुसता धर्म नाही, इथली गरजही आहे, हे कळलं.

चांदबिबी महालाची गोष्ट तर गमतीची. पाथर्डी रस्त्याने जाताना डोंगरावर दिसणारी ती तीन मजली अष्टकोनी इमारत चांदबिबीची नाहीच. ती दुसऱ्या सलाबतखानाची कबर आहे. तो मुर्तझा निजामशहाचा मंत्री होता. चांदबिबीने मोगलांविरुद्ध भुईकोट किल्ला लढवला, लोकांच्या मनात तीच राहिली, म्हणून मंत्र्याच्या कबरीलाही तिचं नाव. हे म्हणाले, "बघ, खर्च एकाचा आणि पावती दुसऱ्याच्या नावावर." किती दिवसांनी विनोद केला!

वर रस्ता जातो, पण आतला जिना अरुंद आणि अंधारा आहे. आम्ही चढलो नाही. खालच्या ओट्यावर बसून खाकरा आणि मुगाची उसळ खाल्ली. त्या दिवशी तिथी होती, हिरवी भाजी नव्हती.

एकदा मात्र आमचं वाजलं. यांना नेवाशाला जायचं होतं, ज्ञानेश्वर महाराजांचा पैस खांब बघायला. नेवासं माझ्या मर्यादेच्या बाहेर. हे म्हणाले, "पुण्याच्या दिशेला पन्नासऐवजी चाळीस धर, ते दहा इकडे टाक. एकूण तेवढंच राहतं!" व्यापारी डोकं! मी महासतीजींना विचारलं, तर त्या हसायलाच लागल्या. या व्रताच्या पाच अतिचारांत नेमकं हेच आहे, क्षेत्रवृद्धी. एका दिशेतलं कमी करून दुसऱ्या दिशेत वाढवायचं नाही. आपल्या शास्त्रकारांना एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यात फिरवणारी माणसं चांगलीच ठाऊक होती. नेवासं राहिलं. हे दोन दिवस रुसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली आणि पूर्वेच्या रकान्यावर बोट ठेवलं: चिचोंडी आणि मिरी. आचार्य आनंदऋषीजींचा जन्म 1900 मध्ये चिचोंडीचा, आणि वयाच्या तेराव्या वर्षी, 1913 मध्ये, त्यांची दीक्षा मिरीला झाली. 1992 मध्ये नगरलाच त्यांचं देवलोकगमन झालं. आनंदधामला आम्ही शेकडो वेळा गेलो असू. जिथून सुरुवात झाली तिथे मात्र कधीच नाही.

चिचोंडीहून मिरीला पोचलो. गाडीतून उतरल्यावर हे एकदम थांबले. म्हणाले, "बाबूजी मला इथे आठवडी बाजाराला आणायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन. एस.टी.च्या टपावर लुगड्यांचं गाठोडं. झोप आली की मी त्याच गाठोड्यावर झोपायचो."

पारावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. यांनी जवळ जाऊन विचारलं, "पूर्वी बाजार कुठे भरायचा हो?" त्यांनी हाताने जागा दाखवली आणि विचारलं, "तुम्ही कुठले?" यांनी बाबूजींचं नाव सांगितलं. ते क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, "नगरचे कापडवाले? माझ्या आईच्या लग्नातली लुगडी त्यांच्याकडनं उधारीवर आणली होती. सुगीला पैसे दिले, पण त्यांनी मागितले कधी नाहीत."

हे काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले. परतीच्या वाटेवर करंजी घाटात म्हणाले, "पणजोबांचं गाव बघायला निघालो होतो. तिथे मला कोण ओळखणार होतं?"

मैत्रिणींनो, मारवाडला न जाता आल्याचं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. बॅगा अजून माळ्यावर आहेत, आणि मी त्या खाली काढायचं धाडस केलेलं नाही. पण वर्षभरात चौदा वेळा बाहेर पडलो. पेट्रोल, रिक्षा, तिकिटं धरून जो खर्च झाला तो मारवाडच्या रद्द झालेल्या तिकिटांच्या निम्माही नाही. त्या चौदांपैकी तीन वेळा मध्येच परत फिरावं लागलं, एकदा यांना दम लागला म्हणून आणि दोनदा उन्हाने. तेही वहीत लिहिलंय.

तुम्हीही आपल्या गावाभोवती अशी वही करून बघा. एका वेळी एकच ठिकाण धरा. निघण्याआधी त्या जागेबद्दल एक प्रश्न मनात ठेवा आणि उत्तर तिथल्याच माणसाला विचारा. सोबत घरचा डबा, घरचं पाणी, आणि सूर्यास्ताच्या आत उंबरठा.

परवा मी यांना विचारलं, "अहो, यंदा मर्यादा किती ठेवू? साठ केली तर नेवासंही बसेल."

हे गच्चीतल्या झेंडूला पाणी घालत होते. म्हणाले, "पन्नासच राहू दे. पच्चक्खाण घ्यायला या वेळी मीही येतो. आणि त्या वहीत दक्षिणेला नीट बघ, तिकडे आपण फक्त एकदाच गेलोय."

काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.
जय जिनेंद्र!