सरळमार्गी स्वारी

कंपनीतून येणारा मायक्रोस्कोप सुटाबुटात असतो. प्रयोगशाळेत सुटे भाग जमवून उभी केलेली ही स्वारी मात्र उघडीबंब. दर २५ मिलिमीटरला भोक असलेलं जड ऑप्टिकल टेबल, त्यावर स्टीलचे खांब, खांबांवर भिंगं आणि आरसे. ओळख करून देतो, पण हात मिळवायला जाऊ नका. भिंगाला बोट लागलेलं तिला खपत नाही. आणि लेझर चालू असताना नजरेला नजरही भिडवू नका.

स्वारी सरळमार्गी, आणि त्याचा तिला भलता ताठा. भिंगं बसवण्याआधी रिकाम्या टेबलावर तिला रेषा आखून हवी असते. लेझरची तिरीप दोन आरशांवरून वळवून, एकामागे एक ठेवलेल्या दोन आयरिसच्या, म्हणजे लहानमोठं करता येणाऱ्या भोकांच्या, बरोबर मधून न्यायची. पहिला आरसा जवळच्या आयरिसचं बघतो, दुसरा लांबच्याचं. एकाची समजूत काढली की दुसरा रुसतो. पण दर फेरीला रुसवा थोडा उतरतो, एवढी माणुसकी आहे.

मग भिंगं, एकेक करून. घोळक्याने आणली तर दोष कुणाचा ते ठरत नाही. नवं भिंग आलं की पडद्यावरचा ठिपका फुगतो किंवा आक्रसतो, ते चालतं. ठिपका जागचा हलला तर ओळखावं, पाहुणे रेषेवरून सरकून बसलेत. तिरके उभे असतील, तर काचेवरून परत फिरलेली मंद तिरीप आयरिसच्या भोकात न शिरता बाजूला पडते. स्वारीच्या पोटात काही राहत नाही.

दोन काचा चिकटवलेल्या अ‍ॅक्रोमॅटची जास्त फुगीर बाजू समांतर किरणांकडेच हवी. उलटा बसवला तरी चित्र उमटतं, पण नाराजीने, धूसर. धरून ठेवणारी रिंगही बेतानेच आवळावी. फार पिळली की काचेवर ताण येतो.

खरा तोरा ऑब्जेक्टिव्हचा, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाचा. अंगावर ४०एक्स कोरलेलं असतं, पण ते घरच्या ट्यूब लेन्सपुरतं, म्हणजे त्याच कंपनीच्या, चित्र उमटवणाऱ्या मागच्या भिंगापुरतं खरं. ऑलिंपसचं घराणं १८० मिलिमीटर नाभीय अंतराचं, निकॉनचं २००चं. ऑलिंपसचा ४०एक्स २०० मिलिमीटरच्या दारात नेला, तर तो सुमारे ४४ पट मोठं करून सांगतो. परक्या घरी बढाई जास्त.

एसीचा वारा बदलला की धातू प्रसरण किंवा आकुंचन पावतो आणि फोकस सरकतो. म्हणून मोजमापाआधी सगळं चालू करून स्वारीला स्थिरस्थावर होऊ द्यावं लागतं. एवढं करून चित्र स्वच्छ आलं, की बघायला आलेले लोक स्क्रीनवरच्या पेशीचं कौतुक करून निघून जातात. दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट गेलेलं असतं. लोक तापमानाला दोष देतात.