अक्कलकोट ते नान्नज : माळावरचा एक दिवस

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पंढरपूरचे चंद्रभागेचे वाळवंट उभे राहते. टाळमृदंग, पताका, भिजलेली वाळू. उंटांचे आणि वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट आपण चित्रातच पाहिलेले. ते पाहायचे तर राजस्थानात जैसलमेर गाठावे लागते. पण कोरड्या मुलखाचे नवल पाहण्यासाठी इतके लांब जायची गरज नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यातच पर्जन्यछायेतला एक मोठा माळ पसरलेला आहे. थरच्या वाळवंटातले काही जीव याही माळावर नांदले आहेत. तो एका दिवसात कसा पाहावा, आणि का पाहावा, ते आज सांगतो.

आमचा प्रवास अक्कलकोटहून सुरू झाला. अक्कलकोट आपल्याला माहीत आहे ते स्वामी समर्थांमुळे. १८५६ च्या सुमारास स्वामी येथे आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ होईपर्यंत येथेच राहिले. वटवृक्षाच्या देवळात पहाटेची काकडआरती करून निघावे, म्हणजे दिवस हाती राहतो. गाव पूर्वी भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी होते. राजवाड्यातले शस्त्रागार मुलांना जरूर दाखवावे. पलीकडे कर्नाटकाची हद्द लागते, त्यामुळे बाजारात एका दुकानात मराठी तर दुसऱ्यात कानडी ऐकू येते.

सोबतीला तालुक्यातलेच एक वयस्क शेतकरी होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. सत्तरी ओलांडलेली, पण चालण्यात मला मागे टाकतील. गाडीत बसताना ते म्हणाले, "साहेब, देवदर्शन झालं, आता माळ बघायला एवढं तेल कशाला जाळायचं? माळ तर माझ्याच रानात हाय की पाच एकर. आन् पोरगं म्हणतंय, जेसीबी लावून फोडू या, गाळ टाकू या."

मी म्हटले, "अण्णा, फोडायच्या आधी एकदा माळ बघून या. मग ठरवा."

वाटेत आधी बोरी नदीवरचे कुरनूर धरण पाहिले. ही बोरी नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून उतरते आणि अक्कलकोट तालुक्यातून पुढे भीमेला मिळते. मार्गशीर्षातली सकाळ होती. काठच्या उथळ पाण्यात बदके आणि बगळे उतरले होते. पाणी दिसते तिथवर ऊस, आणि पाणी संपले की लगेच ज्वारी, तूर, हरभरा. कोरडवाहू मुलखाचा सारा हिशेब त्या एका नजरेत कळतो. ज्वारीवरून आठवले, महाराष्ट्रभर पेरली जाणारी मालदांडी, म्हणजे एम ३५-१, ही याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्राची देणगी आहे. कमी पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर तग धरणारे हे वाण दुसरीकडे कुठे जन्मले असते?

सोलापूरच्या वाटेवर एका ठिकाणी रस्त्यासाठी टेकाड कापले होते. तिथे गाडी थांबवली. कापलेल्या भागात काळ्या दगडाचे गोल गोल गोटे दिसत होते आणि प्रत्येकाला कांद्यासारखे पापुद्रे सुटले होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस थरावर थर पसरला. त्याचाच हा काळा पत्थर. ऊन, पाणी आणि हवा यांनी तो पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची पुढे माती होते. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. अण्णांनी एक पापुद्रा हातात घेऊन दाबला, त्याचा चुरा झाला. "म्हणजे माती ही अशी शिजतीया व्हय!" ते म्हणाले.

सोलापुरातून बार्शी रस्त्याने साधारण वीस किलोमीटरवर नान्नज आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर या भागात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून काही माळ बंदिस्त करून तिथे गवत राखले गेले. त्याच सुमारास माळढोक पक्ष्याकडे निसर्गप्रेमींचे लक्ष गेले आणि १९७९ मध्ये सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केले.

माळढोक म्हणजे माणसाच्या कमरेच्या वर उंची भरणारा पक्षी. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी जगात थोडेच. नर खोल आवाजात घुमतो, म्हणून त्याला हूम असेही नाव आहे. नाकतोडे, किडे, सरडे, दाणे हे त्याचे खाणे. मादी घरटे बांधत नाही, उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते. त्या एका अंड्यावर मेंढराचा पाय पडला किंवा कुत्र्याची नजर गेली की वर्षाचे पीक बुडाले असे समजा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने उडताना समोरची विजेची तार त्याला वेळेवर दिसत नाही. आज देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. तिथे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. नान्नजला तो दिसला तर नशीब समजावे. आम्हाला दिसला नाही.

पण माळ रिकामा नव्हता. गुडघाभर पिवळे गवत वाऱ्याबरोबर लाटांसारखे हलत होते. काळविटांचा एक कळप उभा राहून आमच्याकडे पाहत होता. पाठीने काळे, पोटाने पांढरे, पिळाच्या शिंगांचे नर ऐटीत पुढे. चंडोल गात गात सरळ आभाळात चढत होते. गवताच्या शेंड्यांवरून भोवत्या पक्षी तरंगत होते. हे भोवत्या हिवाळ्यात मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडत येतात, आपले नाकतोडे खातात आणि रात्री याच गवतात जमिनीवर झोपतात. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लहानपणी आमच्या माळावर बी हा ढोक बघितलाय. आमची आजी म्हणायची, तो दिसला की साल चांगलं जातं. कधी दिसंनासा झाला, ध्यानातच आलं न्हाई."

या अभयारण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७९ चे अभयारण्य सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरवर जाहीर झाले होते. त्यात गावेच्या गावे आणि पिकाऊ शेती आली. जमिनीचे व्यवहार, बांधकामे यांना अडचणी झाल्या आणि पक्षी शेतकऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागला. पुढे ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. काळवीट हरभऱ्यात शिरतात तेव्हाही नुकसान शेतकऱ्याचेच होते. अशा वेळी वनखात्याकडे लगेच अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा, भरपाईची तरतूद आहे. माळ राखायचा तर माळाकाठच्या माणसाला सोबत घेऊनच तो राखला जाईल.

झाडाखाली शिदोरी सोडली. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. तिथे अण्णांनी काठीने जमीन उकरली. वीतभर मातीखाली मुरूम लागला. "माझ्याकडं बी असंच हाय," ते म्हणाले. मग आम्ही हिशेब मांडला. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली ही वीतभर माती नांगरून मोकळी केली तर उताराच्या जागी वळवाचे दोन पाऊस ती वाहून नेतात. गाळ टाकायचा तर सपाट जागी, बांध घालून. उताराच्या हलक्या जमिनीला गवतासारखे दुसरे पीक नाही. शेवटी अण्णांनी मनाशी ठरवले, दोन सपाट एकरांत गाळ टाकायचा आणि तीन एकर गवताला ठेवायचे. मुलाचे मन अजून वळायचे आहे. पण दुष्काळात वैरण विकत घ्यायला पैसे कुठून आणले, हे त्या घराला ठाऊक आहे.

आपल्याकडे असा माळ असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. माळाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने चराई करा, एक भाग दरवर्षी बियांवर येऊ द्या. कुसळी गवत कुसळ धरण्याआधी कापा, नाहीतर ते मेंढरांच्या तोंडाला आणि लोकरीला त्रास देते. पहिल्या पावसात मारवेल, पवन्या यांचे बी ओल्या मातीत कालवून फेका, सोबत स्टायलो टाकलात तर वैरणीचा कस वाढतो. गवत पेटवू नका. आणि गवताळ माळावर दाट झाडे लावणे हे नेहमीच पुण्य नसते. माळावरच्या पक्ष्यांना आणि काळविटांना उघडे रान लागते.

नान्नजला जायचे असल्यास पावसाळा सरल्यापासून माघापर्यंतचा काळ चांगला. सोलापूरच्या वनखात्याच्या कचेरीत परवानगी घ्यावी. सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर जावे, भडक कपडे टाळावेत, पाणी सोबत न्यावे. वेळ उरला तर दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा-सीनेचा संगम आहे. तिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपली भाषा दगडावर उमटली, त्या आरंभीच्या लेखांपैकी तो एक.

मुलांना मात्र जरूर न्या. पडीक हा शब्द सातबाऱ्यावर वाचून त्यांना माळ कळणार नाही. तो पायाखाली घेऊनच कळतो.